गतीला कारण लागते काय?



आज ज्या विषयाचा आपण विचार करणार आहोत, तो आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेला आहे. गतीचे तीन नियम कोणते, असे विचारले तर आपण ते बिनचूक म्हणून दाखवू. परंतु सभागृहातून बाहेर पडून रस्त्याला लागलो की आपले वागणे या नियमांना धरून असतेच असे नाही. पुष्कळदा आपण त्यांच्या नेमक्या उलट असलेल्या एका जुन्या समजुतीवर विसंबून राहतो. ही समजूत कोणती, ती मनात इतकी घट्ट का बसते आणि तिच्यातून माणसाची सुटका कशी झाली, हे सांगण्याचा माझा आजचा प्रयत्न आहे. शेवटी या गोष्टीचा आपल्या जिवाशी कसा संबंध येतो तेही पाहू.

प्रथम त्या समजुतीची बाजू नीट ऐकून घेऊ. बैल ओढतात तोवर गाडी चालते. बैल थांबले की गाडी थांबते. वल्ही मारीत असेतो होडी पुढे जाते. वल्ही वर घेतली की थोडे अंतर जाऊन ती स्थिर होते. कुंभाराचे चाक फिरवून सोडले तर काही वेळ फिरते आणि मग मंदावते. या रोजच्या अनुभवावरून विचारी मनुष्य एकच निष्कर्ष काढील की, गती टिकवावयाची तर कोणीतरी सतत ढकलत किंवा ओढत राहिले पाहिजे. विश्रांती ही वस्तूची स्वाभाविक अवस्था आहे आणि गतीला मात्र कारण लागते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने हाच निष्कर्ष शास्त्राच्या रूपात मांडला. दगड खाली पडतो व धूर वर जातो ती त्यांची नैसर्गिक गती. इतर प्रत्येक गतीसाठी वस्तूला चिकटून असलेला चालक हवा, असे त्याचे मत होते. सुमारे दोन हजार वर्षे हे मत टिकले याचे आश्चर्य वाटावयास नको, कारण ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींशी जुळणारे होते.

अडचण निर्माण केली ती बाणाने. धनुष्याच्या दोरीपासून सुटल्यावर बाणाला कोण ढकलते? बाजूला सारलेली हवा मागून येऊन त्याला पुढे रेटते, असे उत्तर देण्यात आले; पण ते फारसे कोणाला पटण्याजोगे नव्हते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस याने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदान याने निराळा विचार मांडला. फेकणारा मनुष्य वस्तूच्या ठायी काही शक्ती ठेवून देतो आणि ती वस्तूला पुढे नेते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे वैशेषिक दर्शनानेही ‘वेग’ नावाचा एक संस्कार वस्तूच्या ठायी मानलेला आहे. हे सर्व विचार मोलाचे आहेत. मात्र न्यूटनचे नियम त्यांत आधीच सांगून ठेवलेले होते, असा दावा करणे त्या प्राचीन विचारवंतांनाही न्याय देणारे होणार नाही. त्यांचा प्रश्न ‘गती कशाने टिकते?’ हा होता. पुढे विज्ञानाने हा प्रश्नच बदलला.

प्रश्न बदलण्याचे मोठे श्रेय गॅलिलिओकडे जाते. त्याने गुळगुळीत खाच पाडलेली लाकडी फळी तिरपी ठेवली आणि तीवरून गोळा घरंगळत सोडला. त्या काळी सेकंद दाखविणारी भरवशाची घड्याळे नव्हती. म्हणून भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी तोलून तो वेळ मोजी. त्याला असे आढळले की, पहिल्या काळखंडात गोळा जितके अंतर जातो, त्याच्या तिप्पट अंतर तो दुसऱ्या तेवढ्याच काळखंडात जातो, तिसऱ्यात पाचपट आणि चौथ्यात सातपट. म्हणजे गोळ्याला खाली ओढणारे कारण एकसारखे कायम असूनही त्याचा वेग कायम राहत नाही. तो समान वेळात समान प्रमाणात वाढत जातो. कायम असलेल्या बलाने वेग कायम राहावा, ही जुनी अपेक्षा येथे मोडून पडली.

आता अशा दोन फळ्या समोरासमोर तिरप्या ठेवा. एकीवरून सोडलेला गोळा दुसरीवर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. दुसरी फळी कमी तिरपी केली तर ती उंची गाठण्यासाठी त्याला अधिक लांब जावे लागते आणि तो जातोही. फळी आणखी सपाट करा, तो आणखी लांब जाईल. मग ती अगदी आडवी केली तर? जी उंची गाठावयाची ती कधी येणारच नाही. तेव्हा अडथळा नसेल तर गोळ्याने थांबावे तरी कशासाठी? प्रत्यक्षात तो थांबतो, कारण फळीचा खरखरीतपणा आणि हवा त्याला अडवतात. या अडवणुकीला आपण घर्षण म्हणतो. बैलगाडी थांबते याचेही कारण हेच. बैलांनी ओढणे थांबविले तरी आस, चाके आणि मातीचा रस्ता यांचे उलट दिशेचे बल चालूच असते. ॲरिस्टॉटलने बैलांचे बल पाहिले. घर्षणाचे बल, ते सर्वत्र आणि सदैव असल्यामुळे, सहजासहजी ध्यानात येत नाही.

या शोधामुळे एक फार जुना वाद मिटला. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये असे प्रतिपादन केले की, नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, त्याचप्रमाणे पृथ्वी फिरत असल्यामुळे स्थिर तारे आपणांस पश्चिमेकडे जाताना दिसतात. यावर वराहमिहिराने आक्षेप घेतला की, पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेल्या पक्ष्यांना आपल्या घरट्याकडे परतता आले नसते. हा आक्षेप सामान्य नव्हता. विषुववृत्तावरील जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर या वेगाने जात असते. मग झाडावरून उडालेला पक्षी शेकडो किलोमीटर मागे का राहत नाही? याचे उत्तर असे की, झाडावर बसलेला असतानाच पक्षी, झाड आणि भोवतालची हवा ही सर्व पूर्वेकडे त्याच वेगाने जात असतात. फांदी सोडल्याने पक्ष्याचा तो वेग नाहीसा होत नाही. कारण तो नाहीसा करणारे काही घडलेलेच नाही. गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या ग्रंथात जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण देऊन हेच समजावून सांगितले. धावत्या आगगाडीत नाणे सरळ वर उडविले तर ते पुन्हा आपल्याच हातात पडते, हा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे.

अडथळा नसलेली वस्तू सरळ रेषेत जात राहते, ही गोष्ट देकार्त याने १६४४ मध्ये स्पष्ट केली. पुढे आयझॅक न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्किपिया’ या ग्रंथात सर्व धागे एकत्र आणले. त्याचा पहिला नियम असा की, बाहेरून बल लावले जात नाही तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. वस्तूच्या या गुणाला जडत्व म्हणतात. आपला सुतार हा गुण रोज वापरतो. कुऱ्हाडीचे पाते सैल झाले की तो दांड्याचे खालचे टोक जमिनीवर आपटतो. दांडा एकदम थांबतो, वरचे जड पाते खाली जात राहते आणि दांड्यावर घट्ट बसते.

दुसरा नियम बदलाचा हिशेब सांगतो. बल लावले की वेग बदलतो. बल जितके अधिक तितका हा बदल झपाट्याने होतो, आणि वस्तुमान जितके अधिक तितका तो सावकाश होतो. वेग बदलण्याच्या दराला त्वरण म्हणतात. वस्तुमानाला त्वरणाने गुणले की बल मिळते. एक किलोग्रॅम वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला सेकंदास एक मीटरने वाढविणारे बल म्हणजे एक ‘न्यूटन’. शंभर ग्रॅमचे वजन तळहातावर ठेवले असता जेवढा भार जाणवतो, तेवढे हे बल असते. दिशा बदलणे हाही वेगातील बदलच होय, हे येथे विसरू नये. गोफण फिरविणाऱ्या शेतकऱ्याला दोरी सतत आत ओढून धरावी लागते. एक टोक सोडले की दगड सरळ रेषेत निघून जातो.

तिसरा नियम पाठ करावयास सर्वांत सोपा आणि समजावयास सर्वांत अवघड आहे. एका वस्तूने दुसरीवर बल लावले की दुसरीही पहिलीवर तेवढेच बल उलट दिशेने लावते. येथे हुशार विद्यार्थी हमखास विचारतो : ‘बैल गाडीला जेवढे पुढे ओढतो तेवढेच गाडी बैलाला मागे ओढत असेल, तर गाडी हलते कशी?’ याचे उत्तर असे की, ही दोन बले एकाच वस्तूवर काम करीत नाहीत, म्हणून ती एकमेकांना रद्द करू शकत नाहीत. गाडीचा विचार करावयाचा तर गाडीवरील बलेच पाहिली पाहिजेत. बैलाची ओढ चाकांच्या घर्षणाहून अधिक झाली की गाडी चालू लागते. बैलाचा विचार करावयाचा तर, तो खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. हा रेटा गाडीच्या मागे ओढण्याहून अधिक असला की बैल पुढे जातो. चिखलात बैलाची ताकद कमी होत नाही. परंतु खूर घसरल्यामुळे जमिनीचा रेटा त्याला मिळत नाही.

हा नियम सुशिक्षितांनाही चकवतो. १९२० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांची टर उडविली. पोकळीत रेटा देण्यास हवा नसते, तेव्हा तेथे अग्निबाण पुढे जाणार कसा, असा त्याचा सवाल होता. वास्तविक अग्निबाण हवेला रेटत नाही. तो आपल्याच पोटातील तप्त वायू मागे फेकतो आणि ते वायू त्याला पुढे ढकलतात. चंद्राकडे निघालेले अपोलो-११ अवकाशात झेपावल्यानंतर दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ जुलै १९६९ रोजी, त्या पत्राने आपली चूक दुरुस्त केली.

या तीन नियमांना न्यूटनने गुरुत्वाकर्षणाच्या नियमाची जोड दिली आणि आकाश व पृथ्वी यांच्यामधील भिंत कोसळली. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे साठपट दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात आकर्षण घटत असेल, तर चंद्राने एका सेकंदात ४.९ मीटरचा ३,६०० वा भाग, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर पडावयास पाहिजे. चंद्राच्या कक्षेवरून हिशेब केला तर तो खरोखरच तेवढा पडत असल्याचे दिसते. त्याच सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर बाजूला सरकतो, म्हणून तो पृथ्वीवर कधी येऊन आदळत नाही. त्याला पुढे ढकलणारा कोणी नाही आणि त्याची गरजही नाही.

ज्या नियमांनी चंद्राची गती उलगडली, त्याच नियमांनी आपले यान २०२३ मध्ये चंद्रावर उतरले. चंद्रयान-३ चा प्रवास बहुतांश इंजिन बंद ठेवूनच झाला. अडचणीचा भाग होता तो थांबण्याचा. उतरण्यास आरंभ झाला तेव्हा यानाचा आडवा वेग सेकंदास सुमारे १.६८ किलोमीटर होता. चंद्रावर हवा नाही, म्हणून हवाई छत्री तेथे निरुपयोगी. तेव्हा गतीच्या विरुद्ध दिशेला बल मिळेल अशा रीतीने इंजिने चालवून सुमारे १९ मिनिटांत हा सारा वेग काढून टाकावा लागला. २०१९ मध्ये चंद्रयान-२ च्या वेळी नेमक्या याच टप्प्यात अपयश आले होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान अलगद टेकले.

मित्रहो, आता चंद्रावरून आपल्या रस्त्यावर येऊ. तेथेही प्रश्न थांबण्याचाच आहे. ताशी ५४ किलोमीटर हा वेग आपल्याला आज किरकोळ वाटतो. तो सेकंदास १५ मीटर होतो. साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे चार मजल्यांवरून, पडणारी वस्तू जमिनीवर याच वेगाने आदळते. वेग दुप्पट केला तर ही उंची दुप्पट होत नाही, ती चौपट होते. ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतरही याच प्रमाणात वाढते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या मोटारीला ब्रेक लागल्यापासून सुमारे सात मीटर पुरतात. ताशी ७२ किलोमीटर असेल तर सुमारे अठ्ठावीस मीटर लागतात. पावसाने रस्ता निसरडा झाला की टायर आणि रस्ता यांतील घर्षण घटते आणि हे अंतर आणखी लांबते. चालकाला धोका ध्यानात येण्यात जो क्षण जातो त्याचे अंतर यात धरलेलेच नाही.

समजा, ताशी ५४ किलोमीटर वेगाची मोटार झाडावर आदळली. मोटारीचा पुढचा भाग चेपत जातो आणि सुमारे अर्ध्या मीटरच्या अंतरात ती थांबते. मोटारीला झाडाने थांबविले. आत बसलेल्या माणसाला कोणी थांबविले? पहिल्या नियमानुसार तो सेकंदास १५ मीटर वेगाने पुढे जातच राहतो. पट्टा बांधलेला असेल तर पट्टा त्याला मोटारीबरोबर थांबवितो. साठ किलो वस्तुमानाच्या माणसाला अर्ध्या मीटरमध्ये थांबविण्यास सरासरी १३,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १,४०० किलो वजनाएवढे बल लागते. हे बल भयंकर आहे. परंतु रुंद पट्ट्यावाटे ते छाती आणि कंबर यांच्या हाडांवर विभागले गेले तर जीव वाचण्याची पुष्कळ शक्यता असते. पट्टा नसेल तर तोच मनुष्य काचेवर किंवा समोरच्या बाकावर आदळून पाच-सात सेंटिमीटरमध्ये थांबतो. अंतर दहाव्या हिश्श्यावर आले की बल दहापट होते. तीन ठिकाणी अडकविला जाणारा आजचा पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ मध्ये सिद्ध केला. शिरस्त्राणाचे कामही असेच आहे. त्याच्या आतला मऊ थर स्वतः चेपून डोक्याला थांबण्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर अंतर मिळवून देतो. बांधकामावर खालून फेकलेली वीट झेलणारा मजूर हात मागे घेत घेत ती झेलतो, त्यामागचे तत्त्व हेच होय.

आता ज्यासाठी मी हे सर्व बोललो ती गोष्ट सांगतो. पुष्कळ आईबापांना असे वाटते की मूल आपल्या मांडीवर आहे, आपण त्याला घट्ट धरलेले आहे, तेव्हा ते सुरक्षित आहे. हिशेब करून पाहा. दहा किलोच्या मुलाला त्याच वेगापासून त्याच अर्ध्या मीटरमध्ये थांबविण्यास २,२५० न्यूटन, म्हणजे सुमारे २३० किलो वजन उचलण्याएवढे बल हातांनी द्यावे लागेल, आणि तेही एका सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात. जगातील कोणत्याही आईच्या हातांत एवढे बळ नाही. येथे मायेत उणे काहीच नाही; उणा आहे तो हिशेब. मूल मोटारीच्या आत स्थिर दिसते, म्हणून ते स्थिरच आहे, असे आपण समजतो. आरंभी सांगितलेली जुनी समजूत ती हीच. चालविणारे थांबले की चालणारेही आपोआप थांबेल, असे ती आपल्याला सांगते आणि आपण विश्वास ठेवतो. म्हणून लहान मुलांसाठी वेगळे आसन व त्याचा पट्टा हवा, आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यांनीही पट्टा बांधला पाहिजे.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या सर्वांचे कारण एकच नव्हते. रस्ते, वाहने, नियमांची अंमलबजावणी अशी अनेक कारणे आहेत आणि त्यांची जबाबदारी ज्याच्या त्याच्यावर आहे. तथापि, पट्टा व शिरस्त्राण यांकडे पोलिसांच्या दंडापासून वाचण्याचे साधन म्हणून पाहणारा समाज गतीचा पहिला नियम शिकला आहे, असे मला म्हणवत नाही.

शेवटी एक खुलासा केला पाहिजे. न्यूटनचे नियम हे अखेरचे सत्य नव्हे. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ते अपुरे पडतात, हे आइनस्टाइनने १९०५ मध्ये दाखविले. अणूच्या अंतरंगातही निराळे नियम लागू होतात. परंतु बैलगाडी, आगगाडी, मोटार आणि चंद्राकडे जाणारे यान यांच्यासाठी हे नियम आजही पुरेसे आहेत, आणि आपले सारे आयुष्य याच वेगांच्या जगात जाते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, नियम म्हणवून घेण्यापूर्वी मुलांना आधी चुकीचे उत्तर मोकळेपणी देऊ द्यावे. गोळा का थांबला, असे विचारावे. ‘त्यातला जोर संपला’ असे कोणी म्हणाले तर हसू नये. तेच उत्तर दोन हजार वर्षे थोर माणसांनी दिलेले आहे. मग फळीवर वाळू टाकून, नंतर ती पुसून, नंतर तिला मेण चोळून तोच गोळा पुन्हा सोडावा आणि तो दर वेळी किती दूर जातो ते मुलांनाच मोजू द्यावे. तिसऱ्या मोजणीनंतर पहिला नियम सांगण्याची गरज बहुधा उरणार नाही.